गोळा उजवीकडे हवा

फोन वाजला तेव्हा डॉक्टर दीक्षा वाघमारे यांचे दोन्ही हात एका आजोबांच्या तोंडात होते. नारायण पेठेतला तो लहानसा दवाखाना, एक खुर्ची, एक दिवा, आणि खुर्चीत दाढेच्या दुखण्यानं हैराण झालेले आजोबा. टेबलावरचा फोन थरथरत कडेला सरकत होता आणि पडद्यावर नाव होतं : उत्तरेश्वर गॅरेज.

दीक्षानं काम सोडलं नाही. दाढ भरली, चावून बघायला लावलं, आजोबांना चूळ भरायला सांगितली आणि मगच फोन उचलला.

"डॉक्टरताई, माल आलाय," पलीकडून उत्तरेश्वर ओरडला. मागे कुठेतरी हातोडा चालू होता. "लष्कराचा ट्रक तुटायला आलाय दिगंबरशेठच्या आवारात. पुढचा ॲक्सल अख्खा हाय. बघाल तर येड्या व्हाल. पण आजच या. अजून दोघांनी इचारलंय."

"दुपारी दोनला निघते. कुणाला हात लावू देऊ नका."

आजोबा रुमालानं तोंड पुसत तिच्याकडे बघत होते. हातमोजे काढल्यावर दिसणाऱ्या तिच्या नखांकडेही. काल रात्रीचं ग्रीस नखांच्या कडेला अजून होतं.

"दात भरलात की पंक्चर काढलंत?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही येतं," दीक्षा म्हणाली. "आज फक्त दाताचे पैसे लावते."

आजोबा जाताच तिनं तनुजाला फोन लावला. तनुजा मूळची चंद्रपूरची, हिंजवडीत एका आयटी कंपनीत, आणि गेली चार वर्षं दीक्षाच्या जीपमध्ये डावीकडच्या सीटवर. डोंगरातल्या, खाणीतल्या स्पर्धांमध्ये दीक्षा जीप चालवायची आणि कुठल्या दगडावर कुठलं चाक ठेवायचं ते तनुजा सांगायची. ती मीटिंगमध्ये होती. "माल आलाय" एवढं ऐकल्यावर नव्हती.

या दोघींना ॲक्सलचं एवढं वेड का लागलं, तेही सांगायला हवं. त्यांची जीप जुनी, पंचवीस वर्षांची. स्पर्धेसाठी तिला मोठे, जाड टायर लावलेले, इंजिन बदललेलं. असली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती जायची-यायची दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून, एखाद्या नवरीसारखी. पण पुढच्या दोन चाकांना जोडणारा आणि फिरवणारा ॲक्सल मात्र मूळचाच राहिला होता. लहान टायरांसाठी केलेला. डिसेंबरात वाघोलीच्या बंद पडलेल्या दगडखाणीत स्पर्धा झाली. तिथे 'दगडी जिना' नावाचा एक चढ आहे : खाणीच्या भिंतीत फोडलेल्या एकावर एक चार प्रचंड पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर पुढचं उजवं चाक अडकलं, दीक्षानं जोर दिला, आणि ॲक्सलच्या आतला दांडा काडीसारखा मोडला. जीप तिरकी होऊन मागे घसरत खाली आली. तनुजाचं खांद्याचं हाड मोडलं. ती महिनाभर हात गळ्यात बांधून ऑफिसला गेली आणि सगळ्यांना हसत हसत गोष्ट सांगत राहिली. दीक्षा मात्र हसली नाही. तो 'कट्ट' आवाज तिच्या कानातून जात नव्हता.

स्वारगेटला तनुजाला गाडीत घेतलं, हडपसरची गर्दी ओलांडली आणि सोलापूर रस्त्यानं दोघी लोणी काळभोरला पोचल्या. दिगंबरशेठचं भंगाराचं आवार म्हणजे उन्हात तापलेल्या लोखंडाचं एक गावच होतं. ट्रकच्या केबिनी, इंजिनं, टायरांचे ढीग. उत्तरेश्वर फाटकातच उभा होता, पन्नाशीचा, अंगानं आडवा, आणि आनंदानं फुललेला.

"चला, चला. दाखवतो."

आणि त्यानं दाखवलं. दोन ओंडक्यांवर ठेवलेला, हिरवट रंग उडालेला, माणसाच्या मांडीएवढ्या जाड नळीचा ॲक्सल. मध्ये डिफरन्शियलचा गोळा, ज्यातून इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटली जाते. तो एखाद्या रांजणाएवढा. दीक्षानं नकळत त्यावर हात ठेवला. लोखंड इतकं तापलं होतं की चटका बसला, तरी तिनं हात लगेच उचलला नाही.

"हा मोडणार नाही," ती म्हणाली.

"मोडंल?" उत्तरेश्वरला जवळजवळ राग आला. "अहो, ह्याच्यावर दहा टनाची गाडी हिमालयात फिरलीय. तुमची जीप म्हंजी याला पाठीवर बसलेली चिमणी."

"दिसतो तर खतरनाक," तनुजा त्याच्याभोवती फिरत म्हणाली. "जीपखाली हा लावला ना, तर बाकीचे बघूनच घरी जातील."

दीक्षाला तो हवा होता. अगदी आतून हवा होता. एवढं लोखंड पुढे असलं की काही होणार नाही, कुणाचं हाड मोडणार नाही, असं तिचं मन सारखं म्हणत होतं. पण चार वर्षं पाना हातात धरलेली माणसं मनाच्या भरवशावर लोखंड विकत घेत नाहीत. तिनं पिशवीतून मापाची टेप काढली आणि गुडघ्यावर बसली.

रुंदी मोजली. जीपच्या अंगाबाहेर दोन्हीकडे वीतभर जास्त जात होती. ठीक, चालवून घेता आलं असतं. गाडीचा भार झेलणारे स्प्रिंगचे पाटे कुठे बसतील ते बघितलं. मग ती ॲक्सलच्या मागच्या बाजूला गेली, जीपमध्ये बसल्यावर जशी दिशा असते तशी उभी राहिली, आणि थांबली.

"काय झालं?" तनुजानं विचारलं.

"गोळा डावीकडे आहे."

"मग?"

"आपल्या जीपला पुढच्या चाकांचा फिरता दांडा उजव्या बाजूनं येतो. गोळा उजवीकडे हवा. हा डावीकडे आहे. दांडा इंजिनाच्या पोटातून आरपार न्यायचा का?"

"उलटा करून लावला तर?"

"मग पुढची चाकं मागं फिरतील," उत्तरेश्वर म्हणाला, आणि डोकं खाजवू लागला. त्यानं हे बघितलंच नव्हतं. ॲक्सलच्या प्रेमात पडला होता तो. पण हार मानायचीही तयारी नव्हती. "कापू की. लांब नळी हिकडची तिकडं, तोकडी तिकडची हिकडं. झाळून टाकू. हाय काय अन् नाय काय."

"स्पर्धा महिन्याच्या शेवटी आहे, उत्तरेश्वरभाऊ. नळ्या केसभर जरी वाकड्या जोडल्या गेल्या तरी आतले दांडे घासून मरतील. आणि हा गोळा बघा किती खाली लोंबतोय. पायरीवर आधी हाच अडकेल."

असं म्हणत होती खरी, पण हात अजून ॲक्सलवरच होता. "तरीपण..." ती म्हणाली. "वेळ काढला, नीट जोडला, तर... मोडणार तर नाही ना."

तनुजा तिच्यासमोर खाली बसली. आत्तापर्यंतचं हसू चेहऱ्यावरून गेलं होतं.

"दीक्षा, तू जिना चढायला ॲक्सल शोधतेय की माझ्या खांद्यासाठी?"

दीक्षाचा हात ॲक्सलवरून खाली आला.

"खांदा जुळला. हे बघ." तनुजानं हात गरकन फिरवून दाखवला. "मले सांभाळायसाठी एवढं लोखंड नको लावू. मले वर ने." रंगात आली की ती अशी चंद्रपूरवर यायची.

दीक्षाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिनं ते मनगटानं पुसलं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला. "बरं," ती म्हणाली. "मग हा नाही."

उत्तरेश्वरकडे आणखी एक पर्याय होता. एका मोठ्या नव्या गाडीचा ॲक्सल, त्यानं गॅरेजवर रंगवून ठेवलेला. तो जीपला सहज बसला असता. पण त्याचा आतला दांडा मोडलेल्या दांड्याहून फार तर नखभर जाड होता. "तो लावला तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीऐवजी चौथीवर मोडेल," दीक्षा म्हणाली. एक जड, एक हलका, आणि मधलं काहीच नाही.

तनुजाला एका जागी बसवत नसे. ती आवारात भटकायला गेली. पाच मिनिटांत तिकडून अशी किंकाळी आली की दिगंबरशेठ हातातला चहा टाकून उठले.

"एमएच चौतीस! अरे, आमच्याकडची गाडी!"

एका कोपऱ्यात एक चेपलेली केबिन पडली होती आणि नंबरप्लेट चंद्रपूरची होती. दिगंबरशेठ सांगू लागले : कोळशाच्या खाणीवरची फोर व्हील ड्राइव्ह पिकअप, लिलावात आली होती, इंजिन केव्हाच विकलं गेलं.

"आणि खालचं?" दीक्षानं विचारलं. "पुढचा ॲक्सल?"

"तो तर काय ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलाय."

ताडपत्रीवर टायर होते आणि टायरांखाली तो होता. कोळशाच्या काळ्या चिखलानं असा लडबडलेला की ॲक्सल आहे हेही ओळखू येऊ नये. चौघांनी टायर बाजूला फेकले, साखळी लावून त्याला ओढून मोकळ्या जागेत आणलं. दीक्षा धावतच मागच्या बाजूला गेली. चिखलाच्या ढेकळात मधला फुगवटा दिसत होता.

"उजवीकडे!" ती ओरडली. "गोळा उजवीकडे आहे!"

मग जी लगबग सुरू झाली ती एखाद्या घरी अचानक लग्न ठरल्यासारखी. उत्तरेश्वरनं डिझेलचा डबा आणला, तनुजानं ऑफिसचा शर्ट कोपरापर्यंत गुंडाळला आणि तिघं मिळून तारेच्या ब्रशनं खरवडू लागले. रुंदी मोजली : जीपपेक्षा चार बोटं जास्त, हवी तेवढीच. नळी जाड. गोळा मोठा, पण आटोपशीर, वर सरकवल्यासारखा. उत्तरेश्वरनं एका बाजूचं चाकाचं हब उघडून आतला दांडा सर्रकन बाहेर काढला आणि दीक्षाच्या हातात दिला. तिनं तो आपल्या मनगटाशेजारी धरला. जवळजवळ तेवढाच जाड. टोकाचे दाते शाबूत, चाक वळतं त्या सांध्यातला क्रॉस मुठीएवढा.

"थांबा," ती म्हणाली. "अजून एक राहिलं. फेरे."

पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं गणित एकच असावं लागतं, नाहीतर पुढची चाकं एका वेगानं ओढतात आणि मागची दुसऱ्याच. दांडा पुन्हा बसवला. तनुजा एका टोकाला, दीक्षा दुसऱ्या टोकाला. उत्तरेश्वरनं गोळ्याच्या तोंडाशी, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा जोडतात तिथे, खडूनं खूण केली आणि हबच्या एका फेऱ्यात ती किती वेळा फिरते ते मोजायला उकिडवा बसला. दोघींनी हब धरून एकदमच, एकमेकींकडे बघत, सावकाश फिरवायला सुरुवात केली.

"एक," उत्तरेश्वर म्हणाला. "दोन... तीन..."

चार म्हणताना त्याचा आवाज चढला. दोघींच्या हातातला फेरा पूर्ण होत आला होता.

"चार, आन् वर जवळजवळ अख्खा एक. पाचाला जरा कमी! ताई, मागचा तुमचा?"

"तोच," दीक्षा म्हणाली. "अगदी तोच!"

तनुजानं त्या काळ्या, तेलकट गोळ्याला मिठी मारली. शर्टाचं जे व्हायचं ते झालं.

नेमकं त्याच वेळी फाटकातून समर्थ आत आला. समर्थ नारायण पेठेतलाच, छपाईचा धंदा, आणि गेल्या दोन स्पर्धांचा विजेता. त्याचा पांढरा शर्ट परीटघडीचा होता. दोघींना तशा अवतारात बघून तो थांबला.

"दवाखाना इथे हलवलास का?"

"शाखा आहे," दीक्षा म्हणाली.

पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. लष्करी ट्रकच्या त्या हिरव्या ॲक्सलकडे तो खेचल्यासारखा गेला. दीक्षानं बघितलं, त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं जे तासाभरापूर्वी तिच्या चेहऱ्यावर होतं. समर्थची जीपही तिच्यासारखीच, त्याच जुन्या घडणीची. ती त्याच्याजवळ गेली.

"समर्थ, याचा गोळा डावीकडे आहे. आपल्या जीपला बसणार नाही. कापून जोडावा लागेल, आणि खाली फार लोंबेल."

समर्थनं तिच्याकडे बघितलं, मग ॲक्सलकडे, मग परत तिच्याकडे. "अच्छा. म्हणजे तुला हवाय तर."

"मला नकोय. मी दुसरा घेतलाय."

"हो ना. तो चिखलाचा. फार छान आहे." त्यानं दिगंबरशेठना हाक मारली. अर्ध्या तासात हिरवा ॲक्सल त्याच्या टेम्पोत चढला.

परतताना गाडीत तनुजा धुसफुसत होती. "सांगितलंस काहून त्याला? जाऊ द्यायचं होतं!"

"त्याच्या शेजारीपण कुणीतरी बसतं," दीक्षा म्हणाली. तनुजा खिडकीची काच खाली करून वारा घेत राहिली.

पुढचे आठवडे दीक्षा दवाखाना संपवून लोणीला उत्तरेश्वरच्या गॅरेजवर जात राहिली. सगळं काही सरळ झालं नाही. उत्तरेश्वरनं ॲक्सल पाट्यांवर चढवला, पण तो जरा पुढे कलता बसला आणि पहिल्या चाचणीत स्टिअरिंग असं डुलू लागलं की शेतातल्या बांधावरून जीप उसात शिरली. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. उत्तरेश्वर म्हणे, टायरचा दोष. दीक्षा म्हणे, कल चुकलाय. शेवटी तिनं पाचर बदलायला लावली, तेव्हा डुलणं थांबलं. मग स्टिअरिंगचा दांडा पाट्याला घासू लागला, त्यावर उत्तरेश्वरनं तो वरून नेण्याची अशी झकास युक्ती काढली की दीक्षानं त्याला जागच्या जागी जिलबी मागवली.

स्पर्धेच्या दिवशी वाघोलीच्या खाणीत जत्रा भरली होती. कडेच्या भिंतीवर माणसांची रांग, खाली धूळ, इंजिनांचा गोंगाट. एकामागून एक अडथळे पार पडले आणि दगडी जिना आला. त्या दिवशी दुपारपर्यंत पाच जीपा तिथून परत फिरल्या होत्या.

पायथ्याशी दीक्षानं जीप थांबवली. "तनु, तू उतर. बाहेरून सांगितलंस तरी नियमात बसतं."

तनुजानं पट्टा आणखी घट्ट ओढला. "इथूनच बरं दिसते मला."

दीक्षानं श्वास घेतला आणि हळूहळू पेडल दाबलं. पहिली पायरी जीपनं जिभेनं चाटावी तशी पार केली. दुसरीवर डावं चाक हवेत गेलं, फिरलं, परत दगडाला लागलं. "थोडं उजवं... अजून... बस. सरळ!" तनुजाचा आवाज शांत होता. तिसरी पायरी. उजवं चाक त्याच खाचेत जाऊन बसलं जिथे डिसेंबरात बसलं होतं. जीप थांबली. टायर दगड चावत होते, धूर निघत होता. दीक्षाचे कान पुढे लागले होते, त्या एका आवाजाकडे.

"दे," तनुजा म्हणाली.

दीक्षानं दिला. पुढचा सगळा भाग कण्हला, पाटे करकरले, जीपचं नाक अगदी आभाळाकडे उठलं. आणि मग एका झटक्यात, जणू कुणी खालून खांदा लावला, चाक खाचेतून बाहेर आलं. चौथी पायरी कशी गेली ते दोघींनाही नंतर आठवलं नाही. समोर एकदम सपाट जमीन, वारा, आणि भिंतीवरच्या माणसांची आरोळी.

तनुजा पट्टा काढून सीटवर उभी राहिली होती. "चढली वं! चढली माय!" ती ओरडत होती. दीक्षा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती, इतकी की श्वास घ्यायला उसंत मिळेना. खाली उत्तरेश्वर टोपी उडवत कुणा अनोळखी माणसाला मिठी मारत होता.

समर्थ त्यांच्यानंतर आला. चालवणारा पक्का होता. दोन पायऱ्या त्यानं देखण्या घेतल्या. त्यानं ॲक्सल कापून जोडून घेतला होता आणि जोडही चांगला धरला होता. पण तिसऱ्या पायरीच्या कडेवर तो रांजणाएवढा गोळा टेकला, जीप दगडावर पोटानं बसली आणि चारी चाकं नुसती फिरू लागली. पुढे जाता येईना, मागे यावं तर घसरण. शेजारच्या सीटवरचा मुलगा दोन्ही हातांनी दांडी धरून पांढरा पडला होता.

पंचांनी शिटी वाजवायच्या आतच दीक्षानं जीप वळवून नाक कड्याकडे केलं. तनुजानं पुढच्या विंचची, अडकलेली गाडी ओढायच्या यंत्राची, तार सोडली आणि खाली धाव घेत समर्थच्या हुकात अडकवली. तार ताणली गेली. दीक्षाच्या जीपची पुढची चाकं दगडात रुतली, सगळा भार त्या काळ्या ॲक्सलवर आला, आणि तो जागचा हलला नाही. इंचाइंचानं समर्थची जीप वर आली.

जीपमधून उतरून समर्थ आधी आपल्या सोबत्याकडे गेला, त्याला पाणी दिलं. मग कपडे झटकत दीक्षाकडे आला. शर्ट आज पांढरा राहिला नव्हता.

"त्या दिवशी तू खरंच सांगत होतीस."

"हो."

"मला वाटलं, पुण्यात असं कोण सांगतं?"

"चूक तुझी नाही," दीक्षा म्हणाली. "मलाही तोच आवडला होता."

तो हसला, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या जीपखाली आडवा होऊन बघू लागला. उत्तरेश्वरही धापा टाकत वर पोचला आणि त्याच्या शेजारी आडवा झाला. दोघांचे नुसते पाय बाहेर दिसत होते आणि आतून उत्तरेश्वरचा आवाज येत होता, "हे बघा साहेब, हा दांडा वरून नेलाय, ही आयडिया आपली."

पहिला नंबर त्या दिवशी कोल्हापूरच्या एका जोडीला मिळाला. दीक्षा आणि तनुजा दुसऱ्या आल्या. छोटासा चषक मिळाला, त्यात तनुजानं लगेच उसाचा रस भरून आणला. आळीपाळीनं पीत दोघी खाणीच्या काठावर पाय सोडून बसल्या. खाली दगडी जिन्यावर ऊन कलत होतं, आणि तनुजा आत्ताच बोटानं समोरच्या भिंतीतली दुसरी एक वाट दाखवत होती, जिथून आजवर कुणीच चढलं नव्हतं.

"तिथून?" दीक्षा म्हणाली.

"तिथून," तनुजा म्हणाली.

दीक्षानं डोळे बारीक करून वाट निरखली, आणि रस बाजूला ठेवून जवळून बघायला उठली.